सहभाग, देखरेख आणि हस्तक्षेप : किशोरवयीनांच्या नजरेतून पालक

मुलांच्या आयुष्यातील पालकांचा सहभाग हा शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही शाखांत दीर्घकाळ अभ्यासला गेलेला विषय असला, तरी त्या सहभागाचे मोजमाप कोणाच्या सांगण्यावरून करायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आई-वडील मुलासाठी प्रत्यक्षात जे करतात, आपण जे करतो असे त्यांना वाटते आणि ते सारे मुलाला जसे जाणवते, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या परस्परांशी निगडित असतात, पण एकरूप नसतात. लहान मूल घरातील रीत जशी आहे तशी स्वीकारते, कारण तिच्याखेरीज दुसरी रीत असू शकते याची त्याला फारशी कल्पना नसते. जागतिक आरोग्य संघटनेने १० ते १९ वर्षे असा जो किशोरवयाचा कालखंड मानला आहे, त्यात मात्र अमूर्त विचार करण्याची क्षमता वाढते आणि मूल आपल्या घराची मित्राच्या घराशी तुलना करू लागते, नियमामागचा हेतू शोधू लागते आणि तो नियम वेगळा असता तर काय झाले असते याचीही कल्पना करू लागते. त्यामुळे वही तपासणे, मैत्रिणीचे नाव विचारणे किंवा परतण्याची वेळ विचारणे या ज्या कृती नवव्या वर्षी माया म्हणून स्वीकारल्या जातात, त्याच पंधराव्या वर्षी अविश्वास म्हणून जाणवू शकतात.

पालकांच्या सहभागाचा परिणाम त्याच्या प्रमाणापेक्षा, तो किशोरवयीनाला कितपत रास्त आणि सद्‌हेतूचा वाटतो यावर अधिक अवलंबून असतो, आणि हे वाटणे केवळ वयाचा लहरीपणा नसून त्यामागे ओळखता येण्याजोगी तर्कसंगती असते, हे या प्रकरणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मुलांच्या साक्षीचा स्वीकार

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पालकत्वाविषयीची माहिती बहुतांशी मातांच्या मुलाखतींतून किंवा संशोधकांच्या निरीक्षणांतून जमा होत असे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अर्ल शेफर यांनी १९६५ मध्ये मुलांनीच आपल्या आई-वडिलांच्या वागणुकीचे वर्णन करावे अशी प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि या क्षेत्राची दिशा बदलली. मुलांच्या उत्तरांच्या विश्लेषणातून त्यांना पालकांच्या वागणुकीची तीन परिमाणे आढळली. मुलाला आपलेसे मानणे किंवा नाकारणे हे पहिले. त्याच्या मनाला स्वतंत्र राहू देणे किंवा त्यावर ताबा ठेवणे हे दुसरे. आणि नियमांच्या बाबतीत ठाम किंवा ढिले असणे हे तिसरे. यातील दुसरे आणि तिसरे परिमाण एकमेकांपासून वेगळे निघाले, ही बाब विशेष महत्त्वाची होती, कारण तिचा अर्थ असा की कडक नियम असलेले घर आणि मनावर ताबा ठेवणारे घर या मुलांच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कनेक्टिकट विद्यापीठातील रोनाल्ड रोनर यांनी पालकांकडून होणारा स्वीकार आणि नकार यांविषयी जो सिद्धान्त मांडला, त्याचाही पाया मुलाच्या जाणिवेवरच आहे. पालकांचे प्रेम बाहेरच्या माणसाला कितीही उघड दिसत असले, तरी ते मुलाला जाणवत नसेल, तर मुलाच्या मनावर नकाराचेच परिणाम होतात, असे हा सिद्धान्त सांगतो. सार्वजनिक आरोग्याच्या पाहण्यांनीही हीच पद्धत स्वीकारली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शाळाधारित आरोग्य सर्वेक्षणात, जे भारतात २००७ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळांमध्ये घेण्यात आले, पालकांच्या सहभागाविषयीचे प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारले जातात. पालकांनी गृहपाठ झाला की नाही हे कितीदा पाहिले, त्यांना तुमच्या अडचणी आणि चिंता कितपत कळल्या आणि मोकळ्या वेळात तुम्ही काय करता हे त्यांना खरोखर कितपत ठाऊक होते, अशा आशयाचे हे प्रश्न आहेत. तपासणे, समजून घेणे आणि ठाऊक असणे या सहभागाच्या तीन वेगळ्या बाजू त्यांत एकत्र आल्या आहेत.

मुलांची साक्ष पालकांच्या साक्षीशी किती जुळते, हा पुढचा प्रश्न होता. थॉमस आखेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मुलांच्या भावनिक व वर्तनविषयक अडचणींसंबंधीच्या ११९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. दोन गोष्टी किती प्रमाणात बरोबरीने बदलतात हे दाखवणाऱ्या आकड्याला सहसंबंध गुणांक म्हणतात आणि पूर्ण मेळ असल्यास तो १ येतो. आई आणि वडील यांसारख्या एकाच भूमिकेतील व्यक्तींच्या माहितीत हा गुणांक सरासरी ०.६० आढळला, तर मुलाने स्वतःविषयी दिलेली माहिती आणि इतरांनी त्याच्याविषयी दिलेली माहिती यांत तो केवळ ०.२२ होता. पालकांच्या वागणुकीविषयीही असाच विसंवाद दिसतो आणि त्याला एक निश्चित कल असतो. आपण किती प्रेमळ आहोत, मुलाचे किती ऐकून घेतो, याचे पालकांनी केलेले मूल्यमापन मुलांनी केलेल्या मूल्यमापनापेक्षा सर्वसाधारणपणे अधिक अनुकूल असते.

या तफावतीला एका बाजूची चूक मानण्याची पद्धत आता मागे पडली आहे. पालक आपल्या वागणुकीकडे हेतूच्या बाजूने पाहतात आणि किशोरवयीन तिच्याकडे अनुभवाच्या बाजूने पाहतो, त्यामुळे दोघांचेही निवेदन आपापल्या जागी प्रामाणिक असू शकते. परीक्षेच्या आदल्या रात्री तीनदा खोलीत डोकावणाऱ्या वडिलांच्या मनात काळजी असते. आत बसलेल्या मुलीला मात्र आपल्यावर पहारा आहे असे वाटते. वडिलांचा हेतू आणि मुलीचा अनुभव या दोन्ही वस्तुस्थिती आहेत, पण मुलीचा आत्मविश्वास, अभ्यासातील रस आणि वडिलांशी बोलण्याची तिची तयारी यांवर दुसऱ्या वस्तुस्थितीचा परिणाम अधिक थेट होतो.

अभ्यासातील सहभाग : मदत आणि दबाव

भारतीय मध्यमवर्गीय घरांत सहभाग म्हणजे प्रामुख्याने अभ्यासातील सहभाग असे समीकरण रूढ झाले आहे. त्यामुळे या सहभागाचे घटक वेगळे करून पाहणे आवश्यक ठरते. वेंडी ग्रोलनिक आणि मारिया स्लोविआचेक यांनी १९९४ मध्ये ११ ते १४ वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात शालेय सहभागाचे तीन प्रकार कल्पिले. शाळेच्या बैठकांना व कार्यक्रमांना जाणे हा वर्तनातील सहभाग. मूल शाळेत काय करते, त्याला तिथे कसे वाटते याची आस्था असणे हा वैयक्तिक सहभाग. आणि पुस्तके, वर्तमानपत्रे, चालू घडामोडी, संग्रहालये अशा बौद्धिक अनुभवांशी मुलाचा परिचय करून देणे हा बौद्धिक सहभाग. हा सहभाग मुलाच्या गुणांपर्यंत पोहोचतो तो बऱ्याच अंशी मुलाच्या प्रेरणेतून, म्हणजे आपल्याला हे जमेल आणि ते आपल्या हाती आहे या त्याच्या जाणिवेतून, असे त्यांना दिसले. म्हणजे पालकांच्या कृतीचा परिणाम मुलाच्या मनातून वाट काढतच होतो.

नॅन्सी हिल आणि डायना टायसन यांनी २००९ मध्ये माध्यमिक शाळेच्या सुरुवातीच्या वर्गांविषयीच्या ५० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले आणि त्यातून निघालेला निष्कर्ष अनेक घरांतील समजुतीला छेद देणारा होता. पालकांच्या सहभागाचा शैक्षणिक यशाशी एकूण संबंध अनुकूल असला, तरी गृहपाठात थेट मदत करणे हा त्याला अपवाद ठरला. सर्वांत दृढ संबंध आढळला तो शिक्षणाचे मोल मुलाला पटवून देणे, त्याच्या आवडीची सांगड भविष्याशी घालणे, अपेक्षा स्पष्ट सांगणे आणि पुढील योजनांविषयी त्याच्याशी चर्चा करणे या स्वरूपाच्या सहभागाचा. याची कारणे दुहेरी असावीत. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलालाच पालक अधिक मदत करतात, त्यामुळे मदत आणि कमी गुण एकत्र दिसतात, हे एक कारण. आणि शेजारी बसून करून घेतलेल्या गृहपाठातून आपल्याला हे एकट्याने जमणार नाही असा निरोप किशोरवयीनापर्यंत पोहोचतो, हे दुसरे.

महाराष्ट्रातील दहावी-बारावीचे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. ते वर्ष घरात एकट्या विद्यार्थ्याचे राहत नाही. दूरचित्रवाणी बंद होते, गावची जत्रा आणि नात्यातील लग्ने टाळली जातात, नोकरी करणारी आई परीक्षेच्या महिन्यात रजा घेते, आणि क्लासची फी भरण्यासाठी घराच्या खर्चाला कात्री लागते. पालकांच्या दृष्टीने हा सहभागाचा कळस असतो. विद्यार्थ्याला मात्र हाच त्याग दोन प्रकारे जाणवू शकतो. घरातील बोलणे विषय, शंका, थकवा आणि आवडीनिवडी यांभोवती राहिले, तर त्याला पाठबळ जाणवते. ते केवळ टक्केवारी, अकरावीच्या प्रवेशाची यादी आणि शेजारच्या मुलाचे गुण यांभोवती फिरू लागले, तर घराने केलेला प्रत्येक त्याग त्याच्या खात्यावर मांडलेल्या कर्जासारखा वाटू लागतो. खर्च आणि कष्ट दोन्ही घरांत सारखेच असतात. पालकांची आस्था मुलात आहे की निकालात, याविषयी मुलाने काढलेला निष्कर्ष मात्र वेगळा असतो.

कायद्यानेही पालकांच्या सहभागाला स्थान दिले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असणे आवश्यक आहे. शाळेच्या कारभारासाठी ही तरतूद महत्त्वाची असली, तरी हा सहभाग संस्थेतील आहे. किशोरवयीन ज्याचे मूल्यमापन करतो तो सहभाग घरातील रोजच्या संभाषणाचा असतो.

नियंत्रणाचे दोन प्रकार

शेफर यांच्या प्रश्नावलीतील भेद पुढे तीन दशके काहीसा बाजूला पडला होता. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये तो पुन्हा अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणला. त्यांच्या मांडणीत वर्तननियंत्रण म्हणजे मुलाच्या वागण्याला मर्यादा घालणे, म्हणजे परतण्याची वेळ ठरवणे, वाहन चालवण्यास मनाई करणे, पैशांचा हिशेब विचारणे. मानसिक नियंत्रण म्हणजे मुलाच्या विचारांवर, भावनांवर आणि पालकांविषयीच्या त्याच्या ओढीवर दाब आणून त्याला हवे तसे वळवणे. अपराधीपणाची भावना निर्माण करणे, प्रेम काढून घेण्याची भीती घालणे, बोलणे मध्येच तोडणे, भावना खोट्या ठरवणे ही त्याची साधने आहेत. मराठी घरांत ही साधने ओळखीची आहेत: आपण मुलासाठी काय काय सोसले याची उजळणी, दोन-दोन दिवस धरलेला अबोला, चारचौघांत केलेली तुलना आणि एवढ्यातेवढ्यावरून रडायला काय झाले हा प्रश्न.

किशोरवयीनांच्या दृष्टीने या दोन नियंत्रणांत मोठे अंतर असते. स्पष्ट, कारणासह सांगितलेला आणि सर्वांना सारखा लागू असलेला नियम त्यांना जाचक वाटला, तरी अपमानास्पद वाटत नाही; किंबहुना नियम मुळीच नसणे याचा अर्थ आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही असा अनेकदा लावला जातो. सुसान लॅम्बॉर्न, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतील १४ ते १८ वर्षांच्या सुमारे ४,१०० विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून त्यांच्या घरांचे चार गट पाडले होते. आपलेपणा आणि शिस्त दोन्ही असलेल्या घरांतील मुले सर्व बाबतींत सरस दिसली आणि दोन्ही नसलेल्या घरांतील मुले सर्वांत मागे होती. केवळ शिस्त असलेल्या घरांतील मुले आज्ञाधारक होती व शाळेत बरी होती, पण स्वतःविषयीचे त्यांचे मत तुलनेने खालावलेले होते. केवळ लाड असलेल्या घरांतील मुलांना आत्मविश्वास होता, पण व्यसने आणि शाळेतील गैरवर्तन त्यांच्यात अधिक होते. मानसिक नियंत्रणाच्या बाबतीत मात्र असा संमिश्र हिशेब मिळत नाही. बार्बर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतासह अनेक देशांतील किशोरवयीनांची जी माहिती प्रसिद्ध केली, तिच्यात पालक मनावर ताबा ठेवतात असे सांगणाऱ्या मुलांमध्ये खिन्नतेचे प्रमाण अधिक असल्याचे भिन्न संस्कृतींतही दिसून आले.

अधिकाराची हद्द

पालकांचा कोणता हस्तक्षेप रास्त आणि कोणता अनाठायी हे किशोरवयीन कशाच्या आधारे ठरवतात, याचा सर्वांत पद्धतशीर अभ्यास रॉचेस्टर विद्यापीठातील ज्युडिथ स्मेटाना यांनी केला आहे. त्यांच्या मते मुले जगातील बाबींची काही क्षेत्रांत विभागणी करतात. इतरांना इजा करणे, चोरी, अन्याय या नैतिक क्षेत्रातील बाबी. ताटावर कसे बसावे, वडीलधाऱ्यांना कसे संबोधावे या रूढीच्या बाबी. अमली पदार्थ, बेफाम वाहन चालवणे या स्वतःच्या सुरक्षिततेच्या बाबी. आणि केस, कपडे, संगीत, मित्रांची निवड, रोजनिशी या वैयक्तिक बाबी. पहिल्या तीन क्षेत्रांत, विशेषतः नीती आणि सुरक्षितता यांबाबत, पालकांना बोलण्याचा अधिकार आहे हे किशोरवयीन सामान्यतः मान्य करतात. चौथ्या क्षेत्रात मात्र तो अधिकार ते नाकारतात, आणि वय वाढेल तशी या क्षेत्राची व्याप्ती वाढवत नेतात.

घरातील बहुतेक खटके ज्या विषयांवरून उडतात, ते एकाच क्षेत्रात बसत नाहीत, हे स्मेटाना यांच्या मांडणीचे मर्म आहे. अस्ताव्यस्त खोली ही आईच्या दृष्टीने घराच्या शिस्तीची बाब असते, तर मुलाच्या दृष्टीने ती त्याची खोली असते. फाटकी जीन्स हा वडिलांच्या दृष्टीने चार लोकांत दिसण्याचा प्रश्न असतो, तर मुलीच्या दृष्टीने तिच्या आवडीचा. भारतीय समाजात याचे सर्वांत तीव्र रूप मैत्रीच्या बाबतीत दिसते. वेगळ्या जातीच्या किंवा धर्माच्या मुलाशी असलेली मैत्री मुलगी वैयक्तिक मानते, तर कुटुंब तिच्याकडे नात्यागोत्यातील प्रतिष्ठेची बाब म्हणून पाहते. अशा वादात दोन्ही पक्ष एकमेकांना हट्टी समजतात, कारण वाद कोणत्या क्षेत्रातील आहे यावरच त्यांचे एकमत झालेले नसते.

ब्रेट लॉरसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये घेतलेल्या एकत्रित आढाव्यात असे आढळले की पालक-मुलांमधील वादांची संख्या किशोरवयाच्या सुरुवातीपासून पुढे घटत जाते, पण त्यांतील भावनेची धार आरंभीच्या काळापेक्षा मधल्या काळात वाढते. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये किशोरवयाचे वर्णन वादळी काळ असे केले आणि ती प्रतिमा लोकमानसात रुजली. प्रत्यक्षात बहुसंख्य कुटुंबांत नाते तुटण्याइतका संघर्ष होत नाही, पण रोजच्या क्षुल्लक विषयांवर अधिकाराची हद्द नव्याने आखण्याचे काम चालू राहते. चिली, फिलिपाइन्स आणि अमेरिका येथील किशोरवयीनांचा अभ्यास करणाऱ्या नॅन्सी डार्लिंग यांनी यात आणखी एक भेद दाखवला. पालकांना हा नियम करण्याचा अधिकार आहे का, आणि तो नियम पटला नाही तरी तो पाळण्यास आपण बांधील आहोत का, हे मुलांच्या मनातील दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. समाजासमाजांत जे अंतर दिसते, ते या दोन प्रश्नांच्या उत्तरांतही दिसते, आणि वरकरणी आज्ञाधारक असलेले मूल मनातून सहमत असेलच असे नाही.

पालकांना कळते ते कसे

देखरेख करणाऱ्या पालकांची मुले वाममार्गाला कमी लागतात, हा निष्कर्ष अनेक वर्षे प्रस्थापित मानला जात होता. स्वीडनमधील हॉकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० मध्ये त्याच्या पायालाच हात घातला. पूर्वीच्या अभ्यासांत देखरेख म्हणून जे मोजले गेले होते, ते वस्तुतः मुलाच्या हालचालींविषयी पालकांना किती ठाऊक आहे याचे मोजमाप होते. ती माहिती पालकांनी कशी मिळवली हे त्यांत तपासले गेलेच नव्हते. या दोघांनी मध्य स्वीडनमधील १४ वर्षांच्या ७०३ मुलांची आणि त्यांच्या पालकांची माहिती घेऊन तीन स्रोत वेगळे केले: पालकांनी विचारून काढणे, परवानगी व नियम यांच्याद्वारे नियंत्रण ठेवणे आणि मुलाने आपणहून सांगणे. पालकांच्या माहितीचा प्रमुख स्रोत तिसरा निघाला. या स्वयंप्रकटनाचाच, म्हणजे आपल्या दिवसाविषयी न विचारता सांगण्याचाच, चांगल्या वर्तनाशी अधिक दृढ संबंध होता, आणि आपल्याला सतत ताब्यात ठेवले जात आहे ही भावना उलट बिघडलेल्या समायोजनाशी जोडलेली आढळली.

या निष्कर्षावर पुढे बरीच चर्चा झाली. मूल सांगते म्हणून पालकांचे काम संपले असा त्याचा अर्थ नाही, हे बार्ट सूनेन्स आणि सहकाऱ्यांच्या बेल्जियममधील २००६ च्या अभ्यासातून पुढे आले. मूल आपणहून बोलते ते बहुधा प्रतिसाद देणाऱ्या आणि मनावर ताबा न ठेवणाऱ्या घरातच. आणि पालक जेव्हा संमतीशिवाय मुलाच्या वस्तू, संदेश किंवा संभाषणे तपासतात, तेव्हा काय घडते, याचे उत्तर स्काइलर हॉक आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते. आपल्या खासगीपणात घुसखोरी होते असे वाटणारी मुले पुढील काळात अधिक गोष्टी लपवू लागली आणि परिणामी पालकांना त्यांच्याविषयी पूर्वीपेक्षा कमी कळू लागले. माहिती मिळवण्यासाठी केलेली कृतीच माहितीचा झरा आटवणारी ठरली.

स्मार्टफोनमुळे हा प्रश्न आता घरोघरी पोहोचला आहे. मुलाचे ठिकाण दाखवणारी ॲप, संदेशांवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर आणि एकमेकांना ठाऊक असलेले पासवर्ड यांमुळे देखरेख तांत्रिकदृष्ट्या सोपी झाली, पण ती रास्त आहे की नाही याचा निवाडा किशोरवयीन जुन्याच कसोट्यांवर करतात. कारण सांगून, मुलाच्या माहितीत आणि ठरावीक मुदतीसाठी केलेली देखरेख सुरक्षिततेच्या क्षेत्रात मोडते. चोरून वाचलेली चॅट वैयक्तिक क्षेत्रातील अतिक्रमण ठरते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानून तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे. कायद्याला एक निश्चित रेषा आखावीच लागते. घरात मात्र बारा आणि सतरा या वयांना एकच रेषा लावता येत नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांच्या मुलाचे नियम लावले गेले तर त्याला त्यात काळजीपेक्षा कमीपणाच अधिक जाणवतो.

संस्कृतीनुसार बदलणारा अर्थ

हे बरेचसे संशोधन अमेरिका आणि युरोप येथील असल्याने त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे सर्वत्र लावता येत नाहीत. रोनर आणि सॅन्ड्रा पेटेंगिल यांना १९८५ मध्ये असे दिसले की कोरियातील किशोरवयीन पालकांच्या कडक नियंत्रणाचा संबंध माया आणि आस्था यांच्याशी जोडतात. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी कुटुंबांच्या संदर्भात असेच प्रतिपादन केले; पाश्चात्त्य प्रश्नावलीत हुकूमशाही म्हणून नोंदवले जाणारे वर्तन त्या कुटुंबांत घडवणे आणि जोपासणे या अर्थाने पाहिले जाते, आणि तसेच ते मुलांनाही समजते. म्हणजे कृती तीच असली, तरी भोवतालच्या सर्व घरांत ती होत असेल, तर ती मुलाला आपल्याविरुद्धची वाटत नाही.

भारताविषयीचा महत्त्वाचा पुरावा रीड लार्सन आणि सुमन वर्मा यांच्या चंडीगडमधील अभ्यासातून मिळतो. दिवसातील अनपेक्षित वेळी संकेत देऊन त्या क्षणी आपण कोठे आहोत, कोणाबरोबर आहोत आणि मनःस्थिती कशी आहे याची नोंद करून घेण्याची पद्धत लार्सन यांनी पूर्वी अमेरिकेत वापरली होती. तेथे १० ते १८ या वयात कुटुंबासमवेत घालवलेला वेळ जागेपणीच्या तासांच्या ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आल्याचे १९९६ मध्ये त्यांनी नोंदवले होते. तरीही आई किंवा वडील यांच्याशी एकट्याने बोलण्याच्या वेळात फारशी घट झाली नव्हती. चंडीगडमधील मध्यमवर्गीय आठवीच्या विद्यार्थ्यांत मात्र कुटुंबापासून असे दूर जाणे दिसले नाही. ते बराच वेळ घरच्यांबरोबर घालवत होते आणि त्या वेळी त्यांची मनःस्थिती बहुधा चांगलीच असे. तुर्कस्तानच्या चिदेम कागित्चिबाशी यांनी अशा समाजांसाठी जी संकल्पना मांडली, ती येथे उपयोगी पडते. स्वायत्तता म्हणजे आपल्या इच्छेने वागणे आणि अलगता म्हणजे इतरांपासून दूर असणे; या दोन वेगळ्या गोष्टी असून माणूस एकाच वेळी स्वायत्त आणि नात्यांत घट्ट बांधलेला असू शकतो. महाराष्ट्रातील किशोरवयीन मुलगी आई-वडिलांपासून वेगळे राहण्याची मागणी क्वचितच करते. घरात राहूनच आपले म्हणणे विचारात घेतले जावे, ही तिची मागणी असते.

मात्र संस्कृतीचा दाखला प्रत्येक हस्तक्षेपाच्या समर्थनार्थ देता येत नाही. नियमांचा अर्थ संस्कृतीनुसार बदलतो; अपमान, तुलना आणि प्रेम काढून घेण्याची धमकी यांचा परिणाम त्या मानाने फारच कमी बदलतो. त्यातच भारतातील पालकांच्या सहभागात एक मोठी पोकळी आहे. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत ५० हजारांहून अधिक तरुण-तरुणींच्या मुलाखती घेतल्या. पालकांशी शाळेतील प्रगतीविषयी बोलणे होते, पण शरीरातील बदल, प्रजनन आणि प्रेमसंबंध यांविषयी ते क्वचितच होते, हे त्यातून स्पष्ट झाले. युरोप आणि उत्तर अमेरिकेत ११, १३ आणि १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या दर चार वर्षांनी होणाऱ्या आरोग्य सर्वेक्षणातही मनातील चिंता आईजवळ बोलणे वडिलांच्या तुलनेत सोपे वाटते आणि वडिलांशी बोलणे मुलींना मुलांपेक्षा अवघड जाते, हे वारंवार दिसले आहे. आपल्याकडे मुलींच्या बाबतीत याला आणखी एक जोड मिळते. वयात आल्यावर भावापेक्षा बहिणीवरील बंधने वाढतात, आणि नियमाची कठोरता जितकी सलत नाही, तितका त्यातील भेद सलतो.

निष्कर्ष आणि मर्यादा

या अभ्यासांतील बराच भाग सहसंबंध दाखवणारा आहे, म्हणजे दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढेच तो सांगतो. कोणती कशामुळे घडते याचे उत्तर त्यातून नेहमी मिळत नाही. उदास असलेल्या मुलाला पालकांचे साधे बोलणेही टोचणारे वाटू शकते, आणि आधीच भरकटू लागलेल्या मुलावर पालक अधिक पहारा ठेवतात. म्हणून किशोरवयीनाची जाणीव हा अंतिम निवाडा मानता येणार नाही, आणि धोका खरोखर असेल तेथे मुलाची नाराजी पत्करूनही पालकांनी आड येणे हे कर्तव्यच आहे. मात्र असे करताना कारण सांगणे, मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे आणि धोका टळल्यावर बंधन सैल करणे या तीन गोष्टी पाळल्या, तर तीच कृती हस्तक्षेप न वाटता आधार वाटण्याची शक्यता बरीच वाढते. सोळावे वर्ष लागल्यावर मुलाशी मित्राप्रमाणे वागावे हा सुभाषितातील सल्ला आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. संशोधनाचा रोख पाहता पालकांनी मित्र होण्याची गरज नाही, पालक राहूनच मुलाच्या वैयक्तिक क्षेत्राचा मान राखणे पुरेसे आहे.

शाळांनी पालकसभेतील उपस्थितीला, समुपदेशकांनी पालकांच्या निवेदनाला आणि पालकांनी आपल्या कष्टांना सहभागाचे एकमेव माप मानणे आता थांबवावे आणि किशोरवयीनांना हा प्रश्न थेट विचारण्याची सवय लावून घ्यावी. चुकलेला पेपर, हरवलेले पैसे किंवा मोडलेली मैत्री या गोष्टी मूल न विचारता घरी सांगत असेल, तर त्या घरातील सहभाग योग्य मार्गावर आहे. ते सांगत नसेल, तर आणखी प्रश्न विचारण्यापूर्वी आधीच्या उत्तरांना आपण कसा प्रतिसाद दिला, हे पालकांनी तपासून पाहावे.